साने गुरुजी म्हणजे फक्त ‘श्यामची आई’च का?

खाजणपाखरू: आमच्या वाडीच्या वाचनालयात गणपतीत पोरांची वाचन स्पर्धा आहे, पुस्तक परत श्यामची आईच. अरे, माणूस पालगडचा, आपल्याच दापोली तालुक्यातला, १८९९ चा जन्म, अमळनेरला मास्तरकी सोडून १९३० ला चळवळीत उडी घेतली, त्रिचनापल्लीच्या जेलमध्ये तमिळ शिकला, ‘तिरुक्कुरळ’ हा जुना तमिळ ग्रंथ मराठीत आणला, ‘आस्तिक’सारखी कादंबरी लिहिली, आर्य आणि नाग एकत्र नांदावेत म्हणून, आणि आपण त्याला आईच्या पदराबाहेरच येऊ देत नाही. पोरांना वाटतं गुरुजी म्हणजे रडगाणं.

मास्तरीणबाय: रडगाणं कुठे दिसलं हो तुम्हाला? पोहायला नको म्हणून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिमटी घेऊन बाहेर काढते, ते वाचलंय का? पोराला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून मारते ती. आमच्या पाचवीच्या वर्गात हे वाचलं की पोरं खिदळतात, रडत नाहीत. आणि नाशिकच्या जेलात १९३३ ला पाच दिवसांत लिहिलंय ते, उगाच नाही टिकलं.

खाजणपाखरू: टिकलं हे मान्य, पण त्यापायी बाकी सगळं कपाटात गेलं ना. ‘धडपडणारी मुले’ शेवटची कोणी वाचायला नेली, रजिस्टर काढून बघा.

आडवाटेचा: मी जरा कडू बोलतो. मोळीचा प्रसंग आठवा, म्हातारीची मोळी पडलीय, ती अस्पृश्य म्हणून कोणी हात लावत नाही, आई श्यामला सांगते जा, उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. ही आंघोळ आजच्या पोराला कशी समजावणार? आमच्या वाडीतली निम्मी पोरं त्या म्हातारीच्या बाजूची आहेत, श्यामच्या नाही.

मास्तरीणबाय: म्हणूनच वाचायचं, गाळून नाही. आई तिच्या काळात जेवढं चालू शकली तेवढं चालली, पुढचं मुलगा चालला. पंढरीचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसला तो हाच ना?

आडवाटेचा: बाई, हे तुम्ही वर्गात सांगता, छान. पण स्पर्धेच्या पेपरात प्रश्न काय येतो? ‘श्यामची आई कशी होती ते पाच वाक्यांत लिहा.’ पंढरपूर कुठाय त्यात?

चाकरमानी_बोरिवली: बक्षिसांचे पैसे दरवर्षी आम्ही देतो म्हणून बोलतो, श्यामची आईच ठेवा, घरात म्हातारी वाचून दाखवते, लहानांना झेपतं. आस्तिक सहावीतलं पोर वाचणाराय का?

खाजणपाखरू: मग मोठ्यांचा गट वेगळा करा, त्यांना धडपडणारी मुले द्या. प्रती मी आणतो.

आडवाटेचा: आणि पेपर बाईंनी काढायचा. नाहीतर परत पाच वाक्यं.