शब्दचर्चा: हार्पसिकॉर्ड, साथ आणि झील

प्रश्नकर्ती

नमस्कार. माझे आईबाबा पुण्याहून इथे जर्मनीला आले आहेत. पुढच्या रविवारी त्यांना गावातल्या चर्चमध्ये बरोक, म्हणजे जुन्या युरोपीय संगीताच्या कार्यक्रमाला नेणार आहोत. हार्पसिकॉर्ड वाजवायला बाहेरगावच्या एक पाहुण्या कलाकार येतायत, सोबत एक बासरीवादक आणि एक व्हायोलिनवादक. आधी पाखेलबेलचा कॅनन, मग विवाल्डीचा एक कॉन्चेर्तो (मुख्य वादक आणि मागचा ताफा अशी रचना) आणि शेवटी बाखचा पाचवा ब्रांडेनबुर्ग. बाबांचं आयुष्य रागसंगीत ऐकण्यात गेलं, पण हे त्यांना अगदी नवं. म्हणून पानभर मराठी परिचय लिहायला घेतला आणि तिसऱ्याच ओळीत अडले. हार्पसिकॉर्ड, कंटिन्युओ, रिपिएनो, सोलोइस्ट या शब्दांचं मराठीत काय करायचं? 'कळतंतुवाद्य', 'अखंडमंद्र' असे शब्द मी घडवून पाहिले. आईला वाचून दाखवले, पण त्यातून तिच्या कानाला काहीच ऐकू आलं नाही. आणि इथे लोक हार्पसिकॉर्डला 'चेंबालो' म्हणतात. मग मराठीत कोणतं नाव ठेवू?

पेटीवाला

ताई, 'कळतंतुवाद्य' सोडून द्या. पियानोला आपण पियानोच म्हणतो, हार्पसिकॉर्डलाही त्याच्या नावानेच राहू द्या. बाबांना फक्त एवढं सांगा, की हे पट्ट्या बसवलेलं स्वरमंडळ आहे. गायक मांडीवर घेऊन छेडतात ते स्वरमंडळ त्यांनी शेकडो वेळा पाहिलं असेल. तसंच इथेही तारांची रांग असते आणि प्रत्येक तारेला एक नखी. फरक एवढाच, की नखी बोटात नसते. पट्टी दाबली की लाकडाची एक उभी दांडी वर उचलली जाते आणि तिच्या जिभेला लावलेली नखी तारेला छेडते. पट्टी सोडली की दांडी खाली येते, जीभ मागे झुकते म्हणून तार दुसऱ्यांदा छेडली जात नाही, आणि वरचा लोकरीचा तुकडा तारेवर टेकून आवाज थांबवतो. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची करत, हल्ली बहुधा प्लॅस्टिकची असते.

'नखी' हा शब्द नक्की वापरा. सतारीमुळे तो बाबांच्या ओळखीचा आहे आणि पियानोपेक्षा हे वाद्य वेगळं का वाजतं, ते त्या एका शब्दात कळतं. पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणून बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होतो. नखीने तार छेडली की पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. मग वादकाने रंग भरायचा तो कशाने? सूर किती धरला, केव्हा सोडला, पुढचा सूर किंचित उशिरा आणला, कुठे खटका घेतला, यावर. रविवारी बाबांना तिकडे कान द्यायला सांगा.

मडगावची

चेंबालो की हार्पसिकॉर्ड, यावरून एक सांगते. इटालियन नाव क्लाविचेंबालो. त्यातलं 'क्लावि' लॅटिन 'क्लाविस'वरून आलं, अर्थ किल्ली. याच 'क्लाविस'चं पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह' झालं, आणि पोर्तुगीजांकडून ते आपल्याकडे आलं 'चावी' होऊन! म्हणजे रोज कुलपात फिरवतो ती चावी आणि तुमच्या चर्चमधला चेंबालो एका घरातले. उरलेला 'चेंबालो' झांजेच्या लॅटिन नावावरून आला. पोर्तुगीजमध्ये या वाद्याला 'क्राव्हु' म्हणतात, आणि लवंगेलाही तोच शब्द.

'बरोक'ही पोर्तुगीजमधूनच आला असं बहुतेक जण मानतात. 'बारोकु' म्हणजे गोल नसलेला, वेडावाकडा मोती. सराफ आजही तशा मोत्याला बरोक मोती म्हणतात. आधी हा शब्द नाक मुरडून वापरला जाई, अति नटवं आणि बेढब अशा अर्थाने. पुढे साधारण 1600 ते 1750 या काळाचं ते नाव झालं. जुन्या गोव्याची बाँ जेझूची बासिलिका त्या काळाच्या अगदी आरंभीची, बांधकाम 1594 ते 1605. बाबा ती पाहून आले असतील तर तिथल्या सोनेरी वेदीची आठवण करून द्या. दगडालाकडात जी घडणावळ आहे, तीच रविवारी सुरांत ऐकू येईल.

प्रश्नकर्ती

चावीचं वाचून आई इतकी खूश झाली की ते पहिल्याच परिच्छेदात घेतलंय. आता खरी अडचण कंटिन्युओची. पत्रकात लिहिलंय, की हार्पसिकॉर्ड आणि चेलो (व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ) मिळून तो वाजवतात. याला 'साथ' म्हणू का?

शब्दवेडा

माझं मत 'साथ'च्या विरुद्ध. आपल्याकडे साथ म्हणजे मागोमाग जाणं. गायकाने जागा घेतली, की पेटीवाला तिची सावली धरतो. कंटिन्युओ मागून येत नाही, तो खाली अंथरलेला असतो. वादकापुढे फक्त खर्जाची ओळ असते आणि सुरांपाशी 6, 7 असे आकडे. आकडा पाहून त्या खर्जावर कोणते सूर रचायचे, किती दाट, किती विरळ, हे वादक त्या क्षणी ठरवतो. हा पाया आहे, साथ नव्हे.

पेटीवाला

तुमचा मुद्दा खरा आहे, तरी मी 'साथ'च ठेवीन. आम्ही साथीला बसतो तेव्हा आमच्यापुढेही कुणी सगळं लिहून ठेवलेलं नसतं. केव्हा भरायचं आणि केव्हा हात आवरायचा, हे साथीदाराचं शहाणपण, आणि आकडे वाचणाऱ्या त्या वादकाचंही तेच. तेव्हा 'पायाची साथ' म्हणा, दोन्ही अर्थ येतील.

'साथ' हवीच, याचं मोठं कारण बाखचा पाचवा ब्रांडेनबुर्ग. बाखने ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला 1721 मध्ये सहा कॉन्चेर्तो अर्पण केले, त्यातला हा पाचवा. सुरुवातीला सगळे मिळून वाजवतात तेव्हा हार्पसिकॉर्ड पायाची साथच करतो. मग बासरी आणि व्हायोलिन पुढे येतात, आणि त्यांच्याबरोबर हाही हळूहळू मान वर काढतो. पहिल्या भागाच्या शेवटाकडे एकेक वाद्य गप्प होतं आणि हा एकटा 65 मात्राखंड वाजवत राहतो. साथीला बसलेल्याने मैफल ताब्यात घ्यावी, तसं. माझ्यासारख्या पेटीवाल्याच्या अंगावर इथे काटा येतो. आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांनी (1881–1955) साथीच्या पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, ते बाबांना आठवेल. पण आधीच्या परिच्छेदात 'साथ' हा शब्द आलाच नसेल, तर हा क्षण मराठीत सांगणार कसा?

शब्दवेडा

इथे मी हरलो, आणि आनंदाने. 'साथ' ठेवा.

मग 'सोलोइस्ट'ला 'एकल वादक' लिहू नका. एकलमध्ये एकटेपणा आहे, आणि कॉन्चेर्तोतला वादक एकटा नसतो. तबल्यासाठी 'स्वतंत्र वादन' रुळलंय, पण त्यात बाकीच्यांना जागा नाही. साधं 'मुख्य वादक' बरं.

साताऱ्याहून

रिपिएनोबद्दल कुणी बोललं नाही. मुख्य वादकांच्या मागचा जो सगळा ताफा, तो रिपिएनो. इटालियनमध्ये शब्दाचा अर्थ 'भरलेलं', स्वयंपाकातल्या सारणालाही हाच शब्द. यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, झील. शाहीर पोवाड्यात कडवं गातो आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी' उचलतात. विवाल्डीच्या कॉन्चेर्तोची बांधणी तशीच ऐकू येते. आधी सगळे मिळून एक ठसठशीत ओळ वाजवतात. मग मुख्य वादक आपलं कडवं वाजवतो, झीलकरी ती ओळ पुन्हा उचलतात, कधी पूर्ण, कधी अर्धी, कधी वेगळ्या पट्टीत. परत येणाऱ्या त्या ओळीला ते रिटोर्नेल्लो म्हणतात. आपलं पालुपदच.

शब्दवेडा

पालुपद एकदम मान्य. झील विवाल्डीसाठी चालेल, बाखसाठी मला जपून वापरावीशी वाटते. बाखमध्ये मागचे वादक फक्त ओळ उचलत नाहीत, मुख्य वादकांच्या सुरांत स्वतःचे धागे विणत असतात.

प्रश्नकर्ती

मग झील विवाल्डीपुरतीच ठेवते. पाखेलबेलसाठी मला वाटेतच एक शब्द सुचला, चुकला असेल तर सांगा. त्या कॅननमध्ये खाली आठ सुरांची एकच ओळ 28 वेळा वाजते आणि वर तीन व्हायोलिनं तीच धून एकामागून एक उचलतात. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवाला जो लेहरा धरतो, तसंच ना हे?

पेटीवाला

ताई, अगदी लेहरा! मी लेहरा धरून बसतो तेव्हा हात तेच करत असतात आणि कान पूर्णपणे तबल्यावर असतात. तो चेलोवाला रविवारी तसाच बसलेला असेल. बाबांना हा एकच शब्द दिलात, तरी तो कॅनन त्यांना पहिल्या फेरीतच कळेल. फक्त लेहऱ्याच्या समेची वाट ते पाहत बसतील, तेव्हा एवढं सांगून ठेवा, की तबलजीसारखं तिहाई घेऊन समेवर येणं इथे नाही.

आणखी एक, पट्टीबद्दल, म्हणजे सूर किती उंच लावायचे त्याबद्दल. जुन्या काळी गावोगावची पट्टी वेगळी असे. आजचे बरोक वादक बहुधा पांढरी सहा (पेटीवरचा सहावा पांढरा सूर) सेकंदाला 415 कंपनांवर ठेवतात, आजच्या पियानोची 440 वर असते. म्हणजे त्यांची पांढरी सहा आजच्या काळी चारवर येते. बाबांना काळी-पांढरीच्या भाषेत सांगा, लगेच समजेल. पुष्कळ हार्पसिकॉर्डांत पट्ट्यांची अख्खी फळी एक घर सरकवून पट्टी बदलता येते, आमच्या स्केलचेंजर पेटीसारखी.

प्रश्नकर्ती

पान पूर्ण झालं. शेवटचा परिच्छेद इथे देते, डोळ्याखालून घाला.

"हार्पसिकॉर्ड म्हणजे पट्ट्या बसवलेलं स्वरमंडळ. आत प्रत्येक तारेला आपली नखी आहे. आज ते सुरुवातीला पायाची साथ करेल, तुम्हाला कदाचित ऐकूही येणार नाही. पाखेलबेलमध्ये चेलोबरोबर लेहरा धरेल. विवाल्डीत मुख्य वादकाचं कडवं संपलं, की झीलकऱ्यांबरोबर पालुपद उचलेल. शेवटच्या बाखमध्ये मात्र बाकीचे थांबतील आणि हे एकटं वाजत राहील. तेव्हा बाबा, डोळे मिटून ऐका. कार्यक्रमाच्या आधी आणि मध्यंतरात पाहुण्या कलाकार स्वतः वाद्य ट्यून करताना दिसतील, तेही बघण्यासारखं असतं."

पेटीवाला

फक्त 'ट्यून करताना' काढा. तंबोरा जुळवतात, हार्पसिकॉर्डही जुळवतात. 'वाद्य जुळवताना दिसतील' लिहा.

प्रश्नकर्ती

बदललं. बाबा आत्ताच पान वाचून विचारत होते, जुळवताना जवळ जाऊन बसता येईल का.