लेकीच्या पायावर कडक पट्टा: लिनिअर मॉर्फिया. कुणाच्या मुलांना झालाय का?

मुलगी सात वर्षांची. गेल्या दिवाळीत उटणं लावताना उजव्या पोटरीवर फिकट, चकचकीत पट्टा दिसला. सासूबाईंच्या तोंडून पहिला शब्द आला तो "कोड", आणि घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. (आता वाटतं, कोड परवडलं असतं. त्याने पाय तरी आखडत नाही.) जवळच्या डॉक्टरांनी बुरशी समजून मलम दिलं, तीन महिने तेच चोळत बसलो. तोवर पट्टा घोट्यापर्यंत उतरला. कातडी मेणासारखी घट्ट, चिमटीत येईना. कडेला जांभळट छटा होती. आत सूज चालू असल्याची ती खूण, हे फार उशिरा कळलं.

बायोप्सी झाली, निदान झालं: लिनिअर मॉर्फिया, म्हणजे कातडी पट्ट्यासारखी कडक होत जाण्याचा आजार. संसर्गजन्य नाही. मोठ्यांच्या स्क्लेरोडर्मासारखा (त्यातही कातडी कडक होते) हा सहसा फुप्फुस-किडनीपर्यंत जात नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण पट्टा सांध्यावरून गेला की सांधा आखडू शकतो, आणि खालची चरबी, स्नायू, हाडाची वाढ खुंटून तो पाय बारीक नि आखूड राहू शकतो. आत्ताच डावा-उजवा घोटा सारखा वळत नाही.

सांगलीहून पुण्याला मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे जातो. आधी स्टेरॉइड होतं, ते हळूहळू कमी केलं. आता मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरून सूज दाबणारं औषध) आठवड्यातून एकदाच, रविवारी. चुकून रोज दिलं जाऊ नये म्हणून कॅलेंडरवर लाल गोल करते. सोबत फोलिक ॲसिड, आणि ठरावीक दिवसांनी रक्त, लिव्हरच्या तपासण्या. औषध काही वर्षं चालेल म्हणतात.

अडचण अशी की आता मेथोट्रेक्सेटची पिवळी गोळी नुसती दिसली तरी तिला उमासे येतात. शनिवारी रात्रीपासूनच रडारड. गोळीऐवजी इंजेक्शन घेतल्यावर कुणाच्या मुलांचा हा त्रास कमी झाला का? घरी टोचायला शिकलात का?

दुसरं, कांजिण्यांच्या लसीचा दुसरा डोस राहिलाय आणि या औषधामुळे तसल्या जिवंत लसी सध्या बंद. वर्गात कांजिण्या निघाल्या तर लगेच कळवा, हे शाळेला कसं पटवलंत? आमच्या बाई "एवढं काय त्यात" म्हणतात.

अपडेट: डोळे तपासले का, असं विचारलंय. हो, नीट आहेत. पट्टा कपाळावर किंवा चेहऱ्यावर असेल तर ही तपासणी अजिबात चुकवू नका, अशा मुलांना कधी फिटही येते असं डॉक्टर म्हणाल्या. तेल सुचवणाऱ्यांचे आभार, मालिश चालूच आहे. पण औषध बंद करा असं कृपया सांगू नका.

सोमवारी पुण्याला जायचंय. त्याआधी इंजेक्शनबद्दल कुणी लिहिलं तर बरं होईल.