कॅश जुळली, पण शाखा जुळेना

खुर्चीवरचा:
तालुक्याच्या गावातली पतसंस्था, मी शाखाधिकारी, मला धरून आम्ही सहा जण. मार्चअखेरच्या गडबडीत एका संध्याकाळी कॅश ४५,००० ने कमी भरली. तीनदा मोजली. रात्री साडेनऊला मी सगळ्यांना पिशव्या टेबलावर रिकाम्या करायला लावल्या. कॅशियरताईंच्या डब्यात अर्धी भाकरी उरली होती, तीही सगळ्यांनी पाहिली. चौथ्या दिवशी एक खातेदार पासबुक भरायला आला तेव्हा उलगडा झाला. पेमेंट ६१,५०० चं, एंट्री १६,५०० ची. एकाने 'एकसष्ट' वाचलं, दुसऱ्याने कानावर आधी पडलेला एक आधी टाइप केला. पास केल्याची सही माझी.

दीड महिना झाला. ताई कामाला चोख आहेत. पण पूर्वी कॅश बंद झाली की सगळे मिळून चहा व्हायचा. आता त्या नोटांचा तपशील पुढे ठेवतात, 'मोजून घ्या साहेब' म्हणतात आणि मोजून होईपर्यंत उभ्या राहतात. पिग्मी एजंटही पावती हातात पडल्याशिवाय हलत नाही, आधी दुसऱ्या दिवशी न्यायचा. सगळ्यांना एकदा जेवायला नेऊ का?

निवृत्त हेडकॅशियर:
जेवण नको, घास उतरायचा नाही कुणाच्या घशाखाली. राग मानू नका, पण ४५,००० ला नऊने भाग जातो हे त्या रात्री कुणालाच सुचलं नाही? फरकाला नऊने भाग गेला की आधी उलटसुलट पडलेला आकडा शोधायचा. माणसं नंतर. माफी मागितलीत का? कुठे?

खुर्चीवरचा:
केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हटलं. 'ठीक आहे साहेब' म्हणाल्या.

काउंटर नंबर दोन:
झडती सगळ्यांसमोर आणि सॉरी दार लावून? मीही कॅशियर आहे, माझ्यावरही अशी वेळ आली होती. झडतीपेक्षा मला लागलं ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं वागणं. सात वर्षं डबा वाटून खाल्लेला, आणि तेव्हा खाली मान घालून चष्मा पुसत बसला. तुमच्याकडच्या बाकी चौघांनाही काही बोलायचं असेल. आणि हो, तुमची पिशवी उघडली होती का?

खुर्चीवरचा:
नाही.

निवृत्त हेडकॅशियर:
मग तिथूनच सुरुवात करा. कॅश कमी भरली तर काय करायचं ते लिहून भिंतीला लावा. आधी व्हाउचरं ताडायची, तुम्ही पास केलेली दुसऱ्या कुणी तरी. झडतीची वेळ आलीच तर पहिली शाखाधिकाऱ्याची. आणि हे ताईंनाच लिहू द्या.

खुर्चीवरचा:
काल कॅश बंद झाल्यावर सगळ्यांसमोर बोललो. ते व्हाउचर काढून माझी सही दाखवली. ताई गप्प होत्या. टाइप करणारा पोरगा मात्र रडायलाच लागला. त्याच्या मनावर काय ओझं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नियम ताईंनी लिहिलाय, 'पहिली शाखाधिकाऱ्याची' खाली दोन रेघा मारून.

आज पाचला तपशील ठेवला, उभ्याच राहिल्या. मी मोजत होतो तर म्हणाल्या, 'दोनशेच्या परत मोजा, एक सोडलीत तुम्ही.'