घरगुती मीटरवर शिलाईचं दुकान, कलम 126 ची नोटीस: पुढचा क्रम काय?

तळमजला:
घराच्या पुढच्या खोलीत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. चालवणारे भाडेकरू, मीटर घरमालकाच्या नावावर, सिंगल फेज, घरगुती दराचं. भरारी पथक येऊन गेलं. स्थळ पाहणी अहवालावर भाडेकरूची सही घेतली. मग विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली तात्पुरत्या निर्धारणाचा (किती रक्कम भरायची ते ठरवण्याचा) आदेश आणि बारा महिन्यांचं बिल आलं, 7 दिवसांत भरा असं त्यावर लिहिलंय. भाडेकरू येऊन सहाच महिने झालेत. ही वीजचोरी धरतात का? 7 दिवसांत पैसे भरले नाहीत तर लाइन तोडतात का? दाद कुठे मागायची?

रोहित्र:
चोरी नाही. विद्युत कायदा 2003 मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत आणि कागदावर कोणतं कलम लिहिलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली की तो 'अनधिकृत वापर', कलम 126. त्यात पोलीस नाहीत, फक्त पैशांचं निर्धारण.

आकडा टाकणं, मीटर बायपास करणं, अप्रामाणिक हेतूने मीटरमध्ये फेरफार करणं हे कलम 135. तिथे पुरवठा लगेच तोडता येतो, पण तोडल्यापासून 24 तासांत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी लागते. निर्धारित रक्कम भरली की 48 तासांत पुरवठा परत जोडायचा असतो. शिवाय कलम 152 खाली तडजोड शुल्क, म्हणजे खटला टाळण्यासाठी भरायची रक्कम, तेही माणसाला एकदाच: उद्योगाला 20,000, वाणिज्यला 10,000, शेतीला 2,000 आणि इतरांना 4,000 रुपये, हे सगळे प्रति किलोवॅट किंवा प्रति अश्वशक्ती. तुमच्या कागदावर 135 चा उल्लेख नसेल तर यातलं काहीच लागू नाही. तरी दोन्ही पानं नीट वाचा, छापील फॉर्ममध्ये चुकीच्या रकान्यावर खूण झालेली असू शकते.

अर्थिंग:
7 दिवसांचा अर्थ बऱ्याच जणांचा चुकतो. निर्धारण मान्य असेल तर आदेश मिळाल्यापासून 7 दिवसांत रक्कम भरून विषय मिटवता येतो, ती मुभा आहे. मान्य नसेल तर निर्धारण अधिकाऱ्याकडे लेखी आक्षेप द्या आणि सुनावणी मागा. आक्षेप दिल्यावर सुनावणीची वाजवी संधी द्यावीच लागते. घाईने 'मान्य आहे' असं लिहून देऊ नका, कारण संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर पुढे अपील चालत नाही.

बारा महिन्यांचं उत्तर कलम 126(5) मध्ये आहे. वापर किती काळ चालला ते कळत असेल तर तेवढ्याच काळाचं निर्धारण. कळत नसेल तेव्हाच पाहणीच्या तारखेआधीचे बारा महिने. म्हणून सहा महिन्यांचा पुरावा तुम्हीच पुढे ठेवायचा: भाडेकरार, शॉप अॅक्टची नोंदणी आणि आधीच्या दोन वर्षांची बिलं. युनिट सहा महिन्यांपूर्वी वाढलेले दिसत असतील तर त्याहून बोलका कागद नाही.

दर दुप्पट लागतो, म्हणजे लागू होणाऱ्या वाणिज्य दराच्या दुप्पट. हिशेबापुरता 10 रुपये युनिट धरा. महिना 240 युनिटप्रमाणे बारा महिन्यांचे 2,880 युनिट, 20 रुपयांनी 57,600 होतात. सहा महिन्यांचे निम्मे, 28,800. आधी भरलेली बिलं यातून वजा दाखवली आहेत का, ते तपासा.

स्थळ पाहणी अहवालाची प्रत नसेल तर आजच लेखी मागा. त्यात जोडभाराची, म्हणजे जोडलेली उपकरणं आणि त्यांच्या वॅटची यादी असते. इस्त्री 1000 वॅट, मशीनच्या मोटरी, ट्यूब हे दुकानाचं. पण घरातला फ्रिज, गिझरही त्याच यादीत घातलेला असेल आणि युनिट मीटर रीडिंगऐवजी जोडभारावरून काढले असतील, तर रक्कम फुगते. आक्षेपात हा मुद्दा आकड्यांसह वेगळा लिहा.

रोहित्र:
जोड देतो: आक्षेपासाठी 30 दिवस आहेत असं समजून थांबू नका. 30 दिवस आहेत ते आक्षेप, सुनावणी आणि अंतिम आदेश या सगळ्यासाठी मिळून, तात्पुरता आदेश बजावल्यापासून. पहिल्या आठवड्यातच आवक शिक्क्यासह द्या. लखोटा जपून ठेवा, बजावणीची तारीख त्यावरूनच सिद्ध होते.

तळमजला:
आभार. घरात छोटा धंदा असला तरी 300 युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो असं एकाने सांगितलं. आमची सरासरी 240 आहे.

अर्थिंग:
महावितरणच्या दर आदेशात तशी सवलत होती: राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय, महिना 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत वापर. पाहणीच्या तारखेला लागू असलेला आदेश काढून त्यातलं वाक्य आक्षेपात जसंच्या तसं उतरवा. तुमची कमजोर बाजू अशी की व्यवसाय भाडेकरूचा आहे. तो तिथे राहत नसेल तर 'ग्राहकाच्या राहत्या घरातला व्यवसाय' म्हणणं अवघड जाईल. मुद्दा मांडा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. सहा महिन्यांचा मुद्दा जास्त पक्का आहे.

फीडर_पिलर:
दाद मागण्याबद्दल. वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच 126 ची प्रकरणं घेत नाही. ग्राहक आयोगातही अशी तक्रार चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अनिस अहमद प्रकरणात ते स्पष्ट केलं. दिवाणी कोर्टाला कलम 145 आडवं येतं. वाट एकच: अंतिम आदेशानंतर 30 दिवसांत कलम 127 खाली अपील, महाराष्ट्रात ते विद्युत निरीक्षकाकडे. त्याआधी निर्धारित रकमेच्या निम्मी रक्कम वीज कंपनीकडे रोख किंवा डीडीने भरून पावती अपिलाला जोडावी लागते. अंतिम आदेशानंतर 30 दिवसांत भरणा झाला नाही तर वार्षिक 16 टक्के व्याज, दर सहा महिन्यांनी चक्रवाढ.

लाइन तोडण्याबद्दल: थकबाकीसाठी तोडायची तर कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस वेगळी द्यावी लागते. तुमच्या हातातला तात्पुरता आदेश म्हणजे ती नोटीस नव्हे.

आणि हे सगळं चालू असताना दुकानासाठी वाणिज्य दराच्या स्वतंत्र मीटरचा अर्ज आजच टाका. अनधिकृत वापर कोणत्या तारखेला थांबला ते नव्या मीटरच्या जोडणीवरून दाखवता येतं.