छोट्या गावात प्लॉट घ्यायचाय, भाव बरोबर आहे की नाही कसं कळणार?

घरासाठी एक प्लॉट बघितलाय, जागा आवडली पण भावाचं काही कळत नाहीये, मालक एक सांगतो, एजंट दुसरं आणि शेजारचे म्हणतात एवढ्याला इथे कधी काही गेलंच नाही. शहरासारखे रोज व्यवहार होत नाहीत मग तुलना कशाशी करायची? आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळेल का?

उत्तर: मालक सांगतो ती त्याची अपेक्षा, बाजारभाव नव्हे. आसपासची अलीकडची खरेदीखतं रजिस्ट्रार ऑफिसमधून काढून बघा. फक्त कधीकधी कागदावर रक्कम कमी दाखवलेली असते, म्हणून ज्यांनी खरंच घेतलंय अशा दोघा-तिघांशी बोला.

उत्तर: ताई, भावाच्या आधी रस्ता बघा!! रस्ता दिसतोय म्हणून खूश होऊ नका, तो कागदावर आहे का की शेजाऱ्याच्या जागेतून चाललाय ते तपासा, नाहीतर उद्या त्याने कुंपण घातलं की वाळूची गाडीसुद्धा आत येणार नाही. मोजणी करून हद्दीच्या खुणा स्वतः बघा आणि पावसात एक चक्कर माराच, पाणी कुठे साचतं ते उन्हाळ्यात कळत नाही.

उत्तर: विकण्याचं म्हणाल तर चौकोनी, रस्त्यालगतचा प्लॉट लवकर जातो, तिरका किंवा आतला वर्षानुवर्षं पडून राहतो. वारस किती, सगळे सह्या करणार का, बँकेचा बोजा आहे का हे वकिलाकडून तपासल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि दिलंच तर लेखी पावती घ्या.