बैकलचं पाणी एवढं नितळ कसं?

उचगावकर:
आमच्या राकसकोप धरणाचं पाणी पावसाळ्यात तांबडंलाल असतंय. रशियातल्या बैकल सरोवराच्या व्हिडिओत मात्र बर्फाखालचे तळातले दगड दिसतात. मित्र म्हणतोय, खोल असलं की गाळ खाली बसतो. तेवढंच कारण काय ओ?

मलप्रभाकाठ:
खोलीचा वाटा आहे की ओ, खरं सगळं श्रेय तिला नको. बैकल 1642 मीटर खोल, जगात सगळ्यांत जास्त. 300 हून जास्त नद्या त्याला मिळतात, बाहेर पडते एकटी अंगारा. सगळ्यांत मोठी सेलेंगा, तिचा गाळ बराचसा मुखाजवळच्या पाणथळीतच अडतो. आपल्याकडं जांभ्याची माती पाऊस झोडपला की थेट धरणात.

दुसरं कारण जिवंत आहे. एपिश्युरा नावाचा झिंग्याच्या गोतातला जीव, जेमतेम दीड मिलिमीटरचा. असे अब्जावधी जीव पाणी गाळत सूक्ष्म शेवाळ खात असतात. त्यात पाणी थंड, क्षार कमी. आणि खोल तळापर्यंत प्राणवायू पोचतो, म्हणून एवढ्या अंधारातही जीव जगतात.

मला सगळ्यांत भारी वाटतो तो गोलोम्यांका मासा. खवले नाहीत, पोहायची हवेची पिशवी नाही, अंगात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चरबी, म्हणून थोडा पारदर्शक दिसतो. अंडी न घालता थेट पिल्लं देतो! त्याच्यावर नेर्पा जगतात, म्हणजे गोड्या पाण्यातले सील. समुद्र एवढा लांब असून ते तिथं आले कसे, यावर अजून वाद आहेत.

निपाणीचा_वाचक:
खरं तिथंही काठाला हिरवं शेवाळ माजलंय म्हणतात की.

मलप्रभाकाठ:
बरोबर. उथळ काठाला स्पायरोगायरा वाढलंय, वस्त्यांचं सांडपाणी हे मोठं कारण. खोल पाणी बऱ्यापैकी शाबूत आहे, खरं तिथले स्पंज, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे पाण्यातले जीव, जास्त करून काठालगत वाढतात आणि ते आजारी पडायला लागलेत. कागदाचा कारखाना 2013 मध्ये बंद झाला, तरी त्याच्या घाणीचे हौद काठावर आहेतच.

आणि उचगावकर, तुमचा व्हिडिओ हिवाळ्यातला आहे. तेव्हा 30-40 मीटरपर्यंत दिसतं. उन्हाळ्यात सूक्ष्म शेवाळ वाढलं की बऱ्याच ठिकाणी 5-8 मीटरच. हे मोजतात कसं, तर पांढरी ताटली दोरीला बांधून सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. राकसकोपला श्रावणात सोडली तर हात लांब करायच्या आधीच गायब!