दोन नावे, सव्वीस गावे : सहायक बिशपांचा १५३४ चा कायदा

जुनेदप्तर : इंग्लंडमध्ये सहायक बिशप नेमण्यासाठी आठव्या हेन्रीच्या काळात, १५३४ मध्ये संसदेने कायदा केला. मदतनीस हवा असलेल्या बिशपने दोन नावे राजाकडे पाठवायची, राजाने त्यांतील एक निवडायचे आणि कायद्यात नोंदलेल्या सव्वीस ठिकाणांपैकी एकाचे बिशपपद त्याला द्यायचे, अशी ही रीत होती. त्यापूर्वी अशा मदतनिसांना बहुधा परमुलखातील, केवळ नावापुरत्या उरलेल्या धर्मपीठांची पदवी मिळत असे. राजाचा हात आला खरा, पण या कायद्याने पदाला स्वतःच्या देशात जागा मिळाली, असे माझे मत आहे.

तटस्थ : असहमत. नावे बिशपची असली तरी निवड राजाचीच. राणी मेरीच्या राजवटीत कायदा रद्द झाला, तिच्यानंतरच्या राणी एलिझाबेथने १५५९ मध्ये तो पुन्हा लागू केला. म्हणजे गादी बदलली की पदही डळमळणार. शिवाय १५९२ मध्ये कोलचेस्टरचे बिशप झालेले जॉन स्टर्न यांच्यानंतर १८७० पर्यंत या कायद्याखाली एकही नेमणूक झाली नाही. असा कायदा काय कामाचा?

जुनेदप्तर : आपलाच दाखला माझ्या बाजूने जातो. १८७० मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप (इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू) टेट आजारपणाने खचले होते, तेव्हा यादीतल्या डोव्हरसाठी एडवर्ड पॅरी यांची नेमणूक याच जुन्या कायद्याने झाली आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. वाट मोकळी होती, मधल्या काळात तिच्यावरून कोणी गेले नाही, इतकेच.

वसईकर : वाट मोकळी म्हणणे जरा जास्त होते. १८७९ मध्ये सहायक बिशप झालेल्या वॉल्शम हाउ यांना पूर्व लंडनच्या दाट वस्तीत काम करायचे होते, पण पदवी मिळाली लंडनबाहेरच्या बेडफर्डची, कारण सव्वीस ठिकाणांच्या यादीत लंडनचा एकही भाग नव्हता! यादीबाहेरची गावे घेता यावीत म्हणून अखेर १८८८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. राहिला निवडीचा प्रश्न. आम्हा कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेतही (चर्चच्या कायद्यांच्या संग्रहातही) सहायक हवा असलेला बिशप किमान तीन नावे रोमला कळवतो, आणि निर्णय वरच होतो.

तटस्थ : रोमचा निर्णय चर्चच्या आतला आहे, हेन्रीचा कायदा तो राजदरबारात नेतो, माझा आक्षेप तेवढाच आहे. पुढे पहिल्या नावालाच मान्यता देण्याची प्रथा पडली, मग दुसरे नाव कशासाठी लिहायचे?

जुनेदप्तर : यादीबाबत वसईकरांचे म्हणणे मान्य. दुसरे नाव मात्र निव्वळ उपचार म्हणून उरले, हे मलाही नाकारता येत नाही.